तिसरी हाक

सॅलडचा पहिला घास तोंडात होता आणि मला माझा आवाज ऐकू आला.

"मिस कोरिन हॅलोवे," आवाज म्हणाला. मग मी थांबायची तेवढंच थांबला. "मिस कोरिन हॅलोवे, आपला फोन आहे."

माझ्यासारखा कुणाचा तरी, असं नाही. माझाच. नावाआधी हळूच घेतलेला श्वास माझा होता, 'फोन'वर किंचित खाली उतरणं माझं होतं. शेवटी उगाच हसल्याचा जो भास व्हायचा तोही माझाच. त्यावरून इथल्या स्विचबोर्डवरची आमची मुख्य, नदीनबाई, मला सुरुवातीला झापायची आणि पुढं नव्या मुलींना "ऑफेलियासारखं करा" म्हणून सांगायची. पामच्या झाडात दडवलेल्या कर्ण्यातून तो निघाला, पूलच्या पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या पट्ट्यापट्ट्यांच्या तंबूंपाशी विरला, वर्षानुवर्षं विरायचा तसाच. मी काटा खाली ठेवला. ऑपरेशनमध्ये माझ्या गळ्यातली एक नस गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून मी बोलते ते लाकडावर कानस घासल्यासारखं. फोनवर लोक मला "सर" म्हणतात. बँकेचं यंत्र तर माझं ऐकूनच घेत नाही, पुन्हा बोला, पुन्हा बोला म्हणतं आणि शेवटी स्वतःच फोन ठेवून देतं. तेही मी पचवलं होतं. आवाज गेला, त्याच्यासाठी काय रडायचं ते रडून झालं, प्रकरण मिटलं असं मी धरून चालले होते. आणि तो इथं होता. धडधाकट, तिशीतला, भर जेवणाच्या वेळी कामावर.

"किती गोड ना, मावशी!" येसेनिया म्हणाली. ही माझ्या बहिणीची, चेलोची मुलगी. माझ्या वाढदिवसाचं जेवण या हॉटेल अल्टामोरमध्येच करायचं हा तिचा हट्ट. "अगदी जुन्या सिनेमातल्यासारखं."

तिला तो आवाज ओळखू आला नाही, यात तिचा काय दोष? माझा गळा धड होता तेव्हा ती एवढीशी होती, आणि त्या आवाजात मी तिच्याशी कधी बोललेच नव्हते. घरी आमची स्पॅनिश, आणि घरातला माझा आवाज वेगळा होता, आईसारखा भांडकुदळ. बॉइल हाइट्समध्ये, आमच्या वस्तीत, बसमधून उतरले की तो आपोआप परत यायचा. कधी चुकून हॉटेलचा सूर तोंडात राहिलाच तर चेलो दारातच कंबरेवर हात ठेवून, माझं हॉटेलातलं नाव घेत म्हणायची, "या, मिस ग्रे, या! आमच्या गरिबाच्या खोलीत पाण्याची सोय नाही हं, पोहायला परत जावं लागेल." आई हसून हसून तव्यावरची पोळी करपवायची. त्या हसण्याचा मला राग यायचा, आणि आज त्या दोघींपैकी एक जरी शेजारी असती तरी एका श्वासात म्हणाली असती, अगं, ही तर आपली ऑफेलिया!

शेजारच्या टेबलावर मोठाल्या गवती टोप्या घातलेल्या दोन मुली बसल्या होत्या. एकीने फोन वर धरून कर्ण्याचा व्हिडिओ घेतला. "अय्या, ही बाई अजून जिवंत आहे?" तिने विचारलं. दुसरी म्हणाली, "छे गं. नुसतं वातावरणासाठी आहे ते. दर थोड्या वेळाने कुणाला तरी मेलेल्याला बोलावतात. आणि पैसे भरले ना, की आपलंही नाव घेतात, त्याच आवाजात. भरायचे का?" मग दोघी खिदळल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोरींवर नाही, त्यांना काय ठाऊक. आग कशाची ते मला नीट सांगताही येईना. कुणी तरी माझे कपडे घालून माझ्यासमोरून चाललंय आणि लोक म्हणतायत, काय सुंदर कपडे, असं काहीसं.

कुणाला तरी मेलेल्याला. म्हणजे कोरिनला.

या पूलवर नाव पुकारलं जाणं म्हणजे काय होतं, ते आता कुणाला सांगून पटायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि त्यातली गंमतच गेली. तेव्हा फोन आला की स्विचबोर्डवरची मुलगी नाव पुकारायची, आणि भर उन्हात अंगाला तेल लावून पडलेले सगळे कान टवकारायचे. मोठमोठे निर्माते तिथंच आडवे पडलेले असायचे. म्हणून काम शोधणारी पोरं-पोरी मित्रांना सांगून ठेवायची, एक वाजता फोन कर, काहीही बोल, पण कर. आम्हाला सगळं कळायचं. पलीकडून कुणी तरी पेट्रोलपंपावरून बोलत असायचा, मागं गाड्यांचा आवाज, आणि मी मात्र इकडं असं नाव घ्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, न्यूयॉर्कहून कुणी याच्यासाठी तळमळतंय. आम्हा सगळ्याजणींचं नाव एकच, मिस ग्रे. कुणीही बसो, मिस ग्रे. पाहुण्यांना वाटायचं, एकच बाई आहे, ती झोपत नाही आणि म्हातारी होत नाही. माझं बरागान हे आडनाव स्विचबोर्डच्या खोलीच्या दाराबाहेर काढून ठेवायचं, पावसात भिजलेल्या चपलांसारखं. नदीनबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुझा गळा सोन्याचा आहे, पण त्यात तुझी गल्ली ऐकू येते. ती तेवढी काढ." मी काढली. आरशासमोर, आंघोळ करताना, बसमध्ये तोंडातल्या तोंडात बोलून काढली. तो आवाज मला देवाने दिलेला नव्हता, मी तो केला होता. भाकरी करावी तसा, हात भाजून.

आणि नदीनबाईचे नियम. ही बाई टेक्ससची, सिगारेट ओढून ओढून पिवळी पडलेली, पण नियमाला पक्की. हाका दोनच. पहिल्या हाकेला नवखा उठतो, धडपडत, खुर्ची पाडत. ज्याला लोक ओळखतात तो दुसऱ्या हाकेला उठतो, सावकाश, वर्तमानपत्राची घडी घालून. आणि जो दुसऱ्यालाही उठत नाही त्याला उठायचं नसतं, तेव्हा गप्प बसायचं. "तिसरी कधी मारायची नाही," ती म्हणायची. "तिसऱ्यांदा बोलावलंस की सगळ्या पूलला कळतं, माणूस इथं आहे आणि येत नाहीये. आपण माणसं बोलावतो पोरी, त्यांची वसुली करत नाही." दुसरा नियम बाहेरून येणाऱ्या फोनसाठी. हॉटेलात खरोखरच नसलेल्या माणसाची चौकशी झाली तर म्हणायचं, थांबा हं, बघते. आणि जो मागच्या बंगल्यात पडदे ओढून बसलाय, ज्याची बायको पळालीय, ज्याचा सिनेमा पडलाय, त्याची चौकशी झाली तर न थांबता, अगदी गोड आवाजात म्हणायचं, "माफ करा, या नावाचं आमच्याकडे कुणी उतरलेलं नाही." म्हणजे ही ओळ आम्ही फक्त असलेल्यांबद्दल म्हणायचो. त्या एका वाक्याआड कितीजण रडले, झोपले, दारू सोडायचा प्रयत्न केला. त्यांचे फोटो आता दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलेत. आमचा एकही नाही.

कोरिन गुरुवारी यायची. सिनेमांतून तिचं नाव जाऊन बराच काळ लोटला होता, पण गुरुवारी दुपारी ती काळा चष्मा लावून बोगनवेलीखालच्या टेबलावर बसायची आणि एका चहावर ऊन उतरेपर्यंत काढायची. स्विचबोर्डच्या खोलीला पूलच्या बाजूने एक झिलमिलीची खिडकी होती, तिच्यातून मला ती दिसायची. एका गुरुवारी हेडवेटरने येऊन तिला त्या टेबलावरून उठवलं. कुणी तरी नवा हिरो आला होता, त्याला सावली हवी होती. ती काहीएक न बोलता आपला कप स्वतः उचलून उन्हातल्या टेबलावर गेली. कप स्वतः उचलून! माझं डोकंच फिरलं. तिच्यासाठी फोनबिन काही नव्हता. मी माइककडे वाकले आणि जेवढं म्हणून मला येत होतं तेवढं सगळं त्या नावात ओतलं. मिस कोरिन हॅलोवे. सगळा पूल वळला. ती उठली नाही. मी दुसरी हाक दिली. मग ती उठली, चष्मा काढला, आणि त्या हिरोच्या खुर्चीला वळसा घालून खांबावरच्या फोनपाशी आली, घाई न करता. तिचं "हॅलो?" कानात आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढं काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं.

"मी मिस ग्रे," मी म्हटलं. "फोन कुणाचाच नाही. आज सूप घेऊ नका, खारट झालंय."

तिने त्या हिरोकडे एकदा पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "छे छे डार्लिंग, या महिन्यात मला मुळीच वेळ नाही!" आणि मागून अगदी हळू, "देव तुझं भलं करो."

त्यानंतर दर गुरुवारी मी तिला बोलावत असे. ती मोठ्याने नसलेल्या निर्मात्यांना नकार द्यायची आणि मधूनमधून हळू आवाजात आम्ही आपलं बोलायचो. तिचे गुडघे, माझ्या आईचा दमा, चेलोचा नवरा. "मिस ग्रे हे काय नाव झालं?" एकदा तिने विचारलं. "आईने काय ठेवलंय?" मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, आमच्या गल्लीत म्हणतात तसं, 'र' नीट घोळवून. त्या हॉटेलात माझं नाव जर कुणी घेतलं असेल तर तिनेच. पुढं ती आजारी होऊन मागच्या बंगल्यात पडून होती. वर्तमानपत्रवाल्यांना वास लागला आणि बोर्डावर एकामागून एक दिवे लागायला लागले. मी प्रत्येकाला तेच वाक्य सांगितलं. ती गेली त्या दिवशीही सांगितलं. या नावाचं आमच्याकडे कुणी उतरलेलं नाही. ते सांगताना माझा आवाज हलला नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

आणि आता तिला दर थोड्या वेळाने उठवतात. सॅलडबरोबर.

मी हात वर करून वेटरला बोलावलं आणि म्हटलं, मॅनेजरला पाठव. तो वाकला. "सॉरी सर... म्हणजे मॅम?" मी पुन्हा सांगितलं. तो येसेनियाकडे बघायला लागला. "मॅनेजरना बोलवा म्हणतायत त्या," येसेनिया म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काय झालं मावशी? लेट्यूस खराब आहे का?" मी मान हलवली. माझं बोलणं दुसऱ्याने समजावून सांगायचं, हेही आता अंगवळणी पडलंय. पण इथं नको होतं. इथं, जिथं मी कुजबुजले तरी माणसं उठायची, तिथं तर नकोच.

मॅनेजर म्हणून जो आला त्याचं नाव प्रेस्टन. मोजे न घालता पांढरे बूट, आणि छातीवरच्या पट्टीवर मॅनेजर असं सरळ न लिहिता 'पाहुण्यांच्या अनुभवाचा प्रमुख' असं काहीसं लिहिलेलं. अनुभवाचाही प्रमुख असतो, हे मला नवीनच होतं.

"हा आवाज माझा आहे," मी कर्ण्याकडे बोट दाखवून म्हटलं.

"काय म्हणाल्या?" त्याने येसेनियाला विचारलं.

"म्हणतायत की तो आवाज त्यांचा..." ती मध्येच थांबली. "मावशी, म्हणजे काय?"

म्हाताऱ्या बायकांसाठी राखून ठेवलेलं एक हसू असतं, ते त्याने काढलं. "हो का! पुष्कळांना तसं वाटतं हो. तो आवाज ऐकला की प्रत्येकाला आपलंच कुणी तरी आठवतं. पण तो मिस ग्रेचा आवाज आहे."

"मीच मिस ग्रे."

"मिस ग्रे हे आम्ही दिलेलं नाव आहे, मॅडम," तो अगदी समजुतीने म्हणाला. "अशी कुणी एक बाई नव्हतीच."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तो मला माझ्याच संस्थेचा इतिहास सांगत होता आणि त्यात मी नव्हते. मी पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं. माझ्या या चिरक्या, फाटक्या गळ्याने म्हटलं, पण म्हटलं तसंच. आधी श्वास. मिस कोरिन हॅलोवे. मग तेवढीच थांबले. मिस कोरिन हॅलोवे, आपला फोन आहे. शेवटचं ते उतरणं, ते उगाच हसल्यासारखं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त आवाज नव्हता.

येसेनियाने दोन्ही हात तोंडावर नेले. तिचे डोळे भरून आले. "मावशी," ती म्हणाली, "आई सांगायची... मला वाटायचं, ती तुझी थट्टा करते."

प्रेस्टनलाही कळलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, आता हा शरमेल. तो तर हरखला. "अरे बापरे," तो म्हणाला. "अरे बापरे! हे तर सोनं आहे!" आणि त्याने खिशातून फोन काढला.

"ते बंद करा," मी म्हटलं. "सगळं नाही तर निदान तिचं नाव काढा. ती बाई माझ्या ओळखीची होती."

येसेनियाने त्याला ते सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "कोरिन? अहो, तीच तर लोकांना सगळ्यात जास्त आवडते! तिच्यासाठी दुपारी थांबतात लोक. आणि टेपा हॉटेलच्या आहेत मॅडम. म्हणजे आवाजही हॉटेलचाच झाला, नाही का? कायद्याने सगळं चोख आहे." टेपा! बोर्ड काढून टाकायच्या आधी त्यांनी मला काही दुपारी एका बंद खोलीत बसवलं होतं. नावं वाच, वाक्यं वाच, मुळाक्षरं वाच. नव्या मुलींना शिकवायला, असं सांगितलं होतं. मी मन लावून वाचलं. त्या नव्या मुली पुढं कधी आल्याच नाहीत. शिकलं ते यंत्र, आणि आता ते जे नाव द्याल ते घेतं, मी कधी तोंडाने न घेतलेलंही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हॉटेलातून फुलं आली होती. फुलं पाठवणाऱ्याला ठाऊक असेल का, की त्यांच्याकडे खाली कुठंतरी मी अख्खी ठेवलेली आहे?

"पण कायद्याचं सोडा," प्रेस्टन म्हणत होता. "तुमचा आशीर्वाद असला तर केवढी गोड गोष्ट होईल! आज तुमचा वाढदिवस ना? आम्ही तुम्हालाच पुकारतो. तुमच्याच आवाजात. तुम्ही उठा, त्या खांबापाशी जा, फोन उचला. वरच्या डेस्कवरची आमची मुलगी तुम्हाला शुभेच्छा देईल. मी इकडून व्हिडिओ घेतो. मिस ग्रे पन्नास वर्षांनी आपला आवाज ऐकते! लोक रडतील."

"आणि मी काय बोलू?"

त्याने येसेनियाकडे न बघता हे बरोबर ऐकलं. "बोलायची काही गरजच नाही," तो घाईने म्हणाला. "नुसतं हसा. बोललात तर... म्हणजे बघणाऱ्यांचा जरा गोंधळ होईल. कळतंय ना तुम्हाला?"

मला कळत होतं. न कळायला काय झालं. माझ्या जुन्या आवाजाला आता माझी अडचण होत होती.

तो गेला आणि येसेनिया खुर्ची जवळ ओढून माझ्या कानाशी लागली. "कर ना मावशी. आईला केवढं आवडलं असतं! इतक्या वर्षांनी कुणी तरी तुला ओळखतंय." मी तिच्याकडे पाहिलं. चेलोचं नाक, चेलोचे डोळे, आणि चेलोची जीभ मात्र नाही. ओळखतंय? माझं तोंड बंद करून? मी हसले की कोरिनला दर दुपारी उठवायला त्यांना माझी परवानगी मिळाली, त्या टोपीवाल्या पोरींना विकायला मिळाली, आणि मी मेल्यावर मला पुकारायलाही मिळाली. माझा एवढा एक 'नाही' तेवढा उरलाय, त्यावर यांचा काही हक्क पोचत नाही, आणि तोही मी हसून देऊन टाकू? हे सगळं मला तिला सांगायचं होतं, पण एवढं बोलायला माझा गळा पुरत नाही. मी फक्त म्हटलं, "त्यांना आवाज मिळालाय. आणखी काय हवं?" तिला वाटलं, मी लाजतेय. तिने माझी बाही नीट केली आणि केस कानामागं सारले.

प्रेस्टन पूलच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिला, फोन डोळ्यासमोर धरून. मी हो म्हटलं नव्हतं. पण मी नाही म्हटल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं, आणि इथं तेवढं पुरतं.

"मिस ऑफेलिया बरागान," मी म्हणाले.

म्हणजे तो म्हणाला. ते म्हणालं. या माइकवर मी हजार नावं घेतली, माझं कधी घेतलं नव्हतं. कुणी नसताना गंमत म्हणूनसुद्धा नाही. मी ज्या आवाजातून माझी गल्ली काढून टाकली होती, त्यात आता गल्लीतलं नाव आलं होतं, आणि त्या आवाजाने ते इतकं सफाईने धुऊन, इस्त्री करून म्हटलं की ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटावं. श्रीमंत, उंच, बोगनवेलीखाली बसलेल्या. मी उठायला निघाले. खरंच निघाले, पहिल्या हाकेला नवखी पोर उठते तशी. मी टेबलाची कड धरली.

"मिस ऑफेलिया बरागान, आपला फोन आहे."

लोक माना वळवून बघत होते, कोण आहे ही? एका म्हाताऱ्याने चष्मा बदलला. टोपीवाल्या मुलींनी माझ्या पलीकडे, माझ्या मागे पाहिलं. खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. अंगावर काटा आला. मला कोरिन आठवली. दुसऱ्या हाकेला ती कशी चष्मा काढून उठायची, आणि वाटलं, उठावं. एवढं काय त्यात? उठावं, हसावं, केक खावा, चेलोच्या मुलीला एक दुपार सुखाची जाऊ द्यावी. ज्याला लोक ओळखतात तो दुसऱ्या हाकेला उठतो. पण ज्याला उठायचं नसतं तोही इथंच कळतो, आणि मग बोलावणारा गप्प बसतो. एवढीच सभ्यता होती त्या सगळ्या थाटामाटात, बाकी सारा देखावा. मी बसून राहिले. पलीकडून प्रेस्टन हाताने खुणा करत होता, उठा, उठा. येसेनिया म्हणत होती, "मावशी, तुला बोलावतायत." पूल शांत झाला होता. मी वाट बघत होते. मला वाटलं, त्या यंत्राने माझ्याकडून सगळं घेतलंय, तर हे दोन हाकांवर गप्प बसणंही घेतलं असेल.

"मिस ऑफेलिया बरागान," माझा आवाज म्हणाला.

तिसरी.

तसाच गोड, तसाच हसरा, जरासुद्धा न ओशाळता. माझ्या आयुष्यात मी कुणालाच तिसऱ्यांदा बोलावलं नव्हतं. दारू पिऊन पडलेल्यांना नाही, बिल बुडवणाऱ्यांना नाही, मला शिव्या देणाऱ्यांनासुद्धा नाही. आणि माझ्याच आवाजाने मला भर पूलवर वसुलीला धरलं होतं. मग मी उठले. खुर्ची मागं सरकवली, हातरुमालाची घडी घालून ती ताटाशेजारी ठेवली आणि सावकाश चालत गेले. प्रेस्टनचा चेहरा उजळला. त्याने अंगठा वर केला. कुणी तरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग आणखी कुणी. खांबावरचा फोन तोच होता, गुलाबी, नव्याने रंगवलेला. मी तो उचलून कानाला लावला.

"हॅलो?" वरच्या मुलीचा आवाज कोवळा होता, घाबरलेला, तिचा स्वतःचा. "हॅलो, मिस बरागान बोलताय का? अल्टामोरमधल्या आम्हा सगळ्यांतर्फे तुम्हाला..."

"माफ करा," मी म्हटलं. कानस लाकडावर घासली, पण वाक्य हललं नाही. "या नावाचं आमच्याकडे कुणी उतरलेलं नाही."

 मागं टाळ्या वाजतच होत्या.

"मग," ती मुलगी म्हणाली, "आपण कोण बोलताय?"

"ऑपरेटर," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.